चाक एकाचें, आंस दुसऱ्याचा

बैलगाडीचें चाक आणि मालमोटारीचें चाक यांत दिसावयास जमीनअस्मानाचें अंतर असलें, तरी दोहोंपुढील मूळ प्रश्न एकच आहे. फिरणारें चाक न फिरणाऱ्या गाडीला असें जोडावयाचें कीं, तें मोकळेपणीं फिरावें, त्यानें ओझें पेलावें आणि तें निखळूं नये. गांवच्या सुतारानें हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला होता. बाभळीचा तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुठे, पुठ्यांवर लोहारानें तापवून चढविलेली धांव आणि आंसाच्या टोकाला चाक अडविणारी खीळ, एवढी त्याची सामग्री. तें चाक त्याच गाडीसाठीं, त्याच आंसाच्या मापानें केलेलें असे. अडल्या वेळीं शेजारच्या गाडीचें चाक मागून आणलेंच, तर तें डगमगतें कीं काय हें गाडीवान पाहत असे, आणि डगमगलें तर आंसाभोंवतीं चिंधी किंवा चामडें गुंडाळून वेळ मारून नेत असे. गाडीचा वेग ताशीं दोन-तीन मैलांचा; त्यामुळें अशा तडजोडीची शिक्षा फार तर वाटेंत खोळंबून राहण्याची असे.

पंचवीस टनांची मालमोटार ताशीं साठ किलोमीटरनें धांवूं लागते, तेव्हां त्याच तडजोडीचा अर्थ पार बदलतो. अशा मोटारीच्या एका चाकाचें वजन टायरसकट शंभर किलोच्या घरांत असतें. तें निखळलें तर मोटारीचाच वेग घेऊन एकटें पुढें धांवतें, आणि त्याला ब्रेक नसतो कीं सारथी नसतो. असें असूनही एका जातीच्या अवजड वाहनाला दुसऱ्या जातीची रिम बसविण्याची गरज जगांत ठिकठिकाणीं पडत असते. जुन्या वाहनाच्या मापाचे टायर बाजारांतून नाहींसे होतात. वाळूंतून किंवा चिखलांतून जाण्यासाठीं रुंद टायर हवे असतात. लष्करानें मोडींत काढलेल्या गाडीला चांगलीं चाकें स्वस्तांत मिळतात, पण त्यांचीं भोकें जुळत नाहींत. अशा वेळीं हब आणि चाक यांच्यामध्यें जी जाड धातूची चकती घालतात, तिला ‘ॲडॅप्टर’ असें नांव आहे. मराठींत तिला जोड-तबकडी म्हणतां येईल. दिसावयास ही वस्तु अगदीं साधी. परंतु ती घालावी कीं घालूं नये आणि घातलीच तर कशी, हें समजण्यासाठीं मालमोटारीचें चाक मुळांत कशाच्या आधारानें हबाला चिकटून राहतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

चाकाची कुंडली पांच मापांची. पहिलें माप स्टडांच्या संख्येचें. स्टड म्हणजे हबांत पक्के बसविलेले आटेदार खुंटे. दुसरें माप त्या सर्व स्टडांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचें. तिसरें, चाकाच्या मध्यभागीं असलेल्या मोठ्या भोकाचें. चौथें, नट ज्या ठिकाणीं टेकतो त्या बैठकीच्या आकाराचें. ती सपाट असेल, शंकूसारखी उतरती असेल किंवा वाटीसारखी गोलाकार असेल. पांचवें माप चाकाच्या खोलगटपणाचें. म्हणजे रिमेच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबावर टेकणारा चाकाचा पृष्ठभाग या दोहोंमधील अंतराचें. या पांचांतील एक जरी चुकलें, तरी तें चाक त्या गाडीला परकें होय.

दुर्दैवानें निरनिराळ्या देशांनीं हीं मापें निरनिराळीं ठरविलीं. युरोपांतील मोठ्या मालमोटारींना ३३५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर दहा स्टड असतात आणि चाकाचें मधलें भोंक २८१ मिलिमीटरचें असतें. उत्तर अमेरिकेंतही स्टड दहाच, पण वर्तुळ सव्वाअकरा इंचांचें, म्हणजे २८५.७५ मिलिमीटरचें. जपानच्या जुन्या पद्धतींत २८५ मिलिमीटरच्या वर्तुळावर आठ स्टड असत. मध्यम आकाराच्या युरोपीय गाड्यांना आठ स्टड २७५ मिलिमीटरवर येतात. अमेरिकेंतील पिक-अप जातीच्या दणकट गाड्यांत तर आठ स्टड कांहींना १६५.१ मिलिमीटरवर आणि कांहींना १७० मिलिमीटरवर असतात. या शेवटच्या दोन मापांत पुरते पांच मिलिमीटरही अंतर नाहीं. नुसत्या डोळ्यांनीं तें उमजत नाहीं, आणि जोर लावून चाक बसविलें तर बसल्यासारखें वाटतें. मात्र तें बसलेलें नसतें, तर स्टड वांकवून अडकविलेलें असतें.

आतां चाक मध्यावर कसें येतें तें पाहूं जातां, त्याच्याही दोन रीती आढळतात. जुन्या रीतींत चाकाच्या भोकांना वाटीसारख्या बैठका असत आणि गोल तोंडाचे नट आवळीत गेलें कीं चाक आपोआप मध्यावर येई. अमेरिकेंत ही रीत फिलाडेल्फियाच्या बड कंपनीच्या नांवानें ओळखली जाते. तींत मागील जोडचाकांपैकीं आंतलें चाक एका लांब टोपणवजा नटानें आवळीत, आणि त्या नटाच्याच बाहेरील आट्यांवर दुसरा नट फिरवून बाहेरचें चाक आवळीत. फिरण्याच्या ओघानें नट सैल होऊं नयेत म्हणून गाडीच्या डाव्या बाजूच्या स्टडांना डावे आटे असत. नव्या रीतींत चाकाचें मधलें भोंक हबाच्या कडेवर नेमकें बसतें आणि त्या कडेमुळेंच चाक मध्यावर राहतें. नटांची बैठक सपाट असते, नटालाच एक फिरती चकती जोडलेली असते, आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवेच असतात. या दोन रीतींचीं चाकें आणि नट एकमेकांत मिसळणें ही कारखान्यांत होणारी फार मोठी चूक होय. सपाट नट वाटीच्या बैठकीवर फक्त काठानें टेकतो, आणि गोल तोंडाचा नट सपाट भोकांत पाचरीसारखा शिरतो. दोन्ही वेळां पाना ‘घट्ट झालें’ असेंच सांगतो, पण तें खरें नसतें.

चाक स्टडांवर टांगलेलें असतें आणि गाडीचें ओझें स्टड पेलतात, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. ओझें पेलतें तें घर्षण. नट आवळला म्हणजे स्टड किंचित् ताणला जातो आणि ताणलेल्या रबरी फितीप्रमाणें तो चाकाला हबावर दाबून धरतो. मोठ्या मालमोटारीचे २२ मिलिमीटर जाडीचे नट सामान्यतः ६०० न्यूटन-मीटर किंवा त्याहून थोड्या अधिक जोरानें आवळतात. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकावर साधारण शरीराचा माणूस उभा राहिला, तर जेवढा जोर पडेल तेवढा. या जोराचा सुमारें दहावा हिस्साच स्टड ताणण्याच्या कामीं येतो; उरलेला नटाच्या तोंडाशीं आणि आट्यांत घर्षण होऊन खर्च होतो. तरीही प्रत्येक स्टडांत ढोबळ मानानें पंधरा टनांचा ताण उभा राहतो, आणि दहा स्टड मिळून चाकाला दीडशें टनांनीं हबावर चेपून धरतात. लोखंडावर लोखंडाचें घर्षण दाबाच्या सातव्या हिश्श्याइतकें धरलें, तर चाक जागचें सरकविण्यास वीस टनांहून अधिक बळ लागेल. आंसाच्या एका टोकावर पांच टन ओझें असलें, तरी चाक सरकत नाहीं तें या कारणानें. जोंवर हा चिमटा शाबूत आहे, तोंवर स्टडांना आडवा दणका जवळजवळ लागतच नाहीं.

चिमटा ढिला झाला म्हणजे चित्र पालटतें. मग चाक प्रत्येक फेऱ्याला केसभर सरकतें आणि स्टड एकदां इकडे व एकदां तिकडे वांकतो. एक मीटर व्यासाचें चाक किलोमीटरमागें तीनशेंहून अधिक फेरे घेतें. दिवसाला तीनशें किलोमीटरचा प्रवास धरला, तर एका दिवसांत हे हेलकावे जवळजवळ एक लाख भरतात. पोलादाची तार पुन्हां पुन्हां वांकविली असतां शेवटीं तुटते, हें लहान मुलालाही ठाऊक असतें. स्टड तसाच तुटतो. एक तुटला कीं त्याचें ओझें शेजारच्यांवर पडतें आणि मग ते एकामागून एक तुटत जातात.

एवढें ध्यानीं घेतलें म्हणजे जोड-तबकडीचें गुह्य उलगडतें. या तबकडीला भोकांचीं दोन वर्तुळें असतात. आंतल्या वर्तुळानें ती गाडीच्या मूळ स्टडांवर बसते व मूळ नटांनीं आवळली जाते. बाहेरच्या वर्तुळावर तिचे स्वतःचे नवे स्टड असतात. परकें चाक त्यांवर चढतें आणि दुसऱ्या नटांनीं आवळलें जातें. म्हणजे जेथें एक सांधा होता तेथें दोन झाले. शिवाय पहिला सांधा दुसऱ्याच्या पाठीमागें दडला. बाहेरचे नट कोणीही पाहूं शकतो. आंतले पाहावयाचे तर चाकच उतरावें लागतें. जोड-तबकडीचा खरा धोका तिच्या धातूंत तितकासा नसून या दडलेल्या सांध्यांत आहे.

उदाहरणादाखल अमेरिकन लष्कराची ‘एम ३५’ ही अडीच टनी मालमोटार घ्यावी. १९५० च्या सुमारास ती सेवेंत आली, अनेक दशकें राबली, आणि पुढें लिलांवांतून हजारों खाजगी शोकिनांच्या हातीं गेली. तिला दहा चाकें. पुढें दोन आणि मागील दोन आंसांवर जोडीनें आठ. स्टड सहा, पावणेनऊ इंचांच्या म्हणजे २२२.२५ मिलिमीटरच्या वर्तुळावर. टायर ९.००-२० या जुन्या मापाचे. एकच रिम पुढें तोंड करून किंवा उलटी करून दहाही ठिकाणीं चालावी, अशी तिची योजना असल्यामुळें लष्कराला एकाच जातीचें जादा चाक पुरत असे. पुढील पिढीच्या लष्करी मालमोटारींना मात्र ३९५/८५ आर २० या मापाचे रुंद टायर आले आणि त्यांच्या रिमा ३३५ मिलिमीटरवर दहा भोकांच्या झाल्या. जुन्या मोटारीला हीं नवीं चाकें लावण्याची हौस आणि कधीं गरज, यांतून सहा-स्टडी हबावर दहा-स्टडी चाक बसविणाऱ्या जोड-तबकड्या निघाल्या.

या उदाहरणांत भूमिति अनुकूल आहे. दोन वर्तुळांच्या त्रिज्यांमध्यें सुमारें ५६ मिलिमीटरचें अंतर पडतें. त्यामुळें आंतले नट आणि बाहेरचे स्टड एकमेकांच्या आड येत नाहींत. वर्तुळें जवळजवळ असतील, तर नव्या स्टडांना जुन्यांच्या मधल्या फटींत जागा द्यावी लागते, आंतले नट तबकडीच्या पोटांत बुडवावे लागतात, आणि त्यासाठीं तबकडी जाड करावी लागते. आणखी एक अट आहे. नवें चाक ज्या कडेवर मध्यावर यावयाचें, ती २८१ मिलिमीटरच्या भोकांत नेमकी बसणारी कड तबकडीला कातून द्यावी लागते, आणि तबकडी स्वतः जुन्या हबावर मध्यावर यावी अशी दुसरी कड तिच्या पाठीमागें लागते. ही दुहेरी कड नसेल, तर चाक मध्यावर आहे कीं नाहीं याचा भरंवसा केवळ नटांवर राहतो, आणि सपाट नटांना तें काम करतां येत नाहीं. धातूविषयीं सांगावयाचें तर तबकडी घडीव पोलादाची किंवा घडीव ॲल्युमिनमच्या मिश्रधातूची हवी. साध्या ओतीव तुकड्यांतून कातलेली तबकडी या कामीं भरंवशाची नव्हे.

इतकें सारें बिनचूक साधलें, तरी हिशेब तेथें संपत नाहीं. प्रत्येक तबकडीला जाडी असते आणि तेवढ्या जाडीनें चाक गाडीपासून बाहेर सरकतें. याचा परिणाम कोठें होतो, तर हबाच्या पोटांत बसलेल्या दोन बेअरिंगांवर. समजा, हीं दोन बेअरिंगें एकमेकांपासून १५० मिलिमीटरवर आहेत, आणि चाकाच्या ओझ्याची रेषा बरोबर मध्यांतून जाते. मग प्रत्येक बेअरिंग निम्में ओझें पेलतें. आतां चाक ७५ मिलिमीटर बाहेर सरकविलें. ओझ्याची रेषा बाहेरच्या बेअरिंगावर आली. सगळें ओझें त्या एकट्यावर पडलें आणि आंतलें जवळजवळ रिकामें बसलें. चाक आणखी ७५ मिलिमीटर बाहेर नेलें, तर बाहेरच्या बेअरिंगावर एकूण ओझ्याच्या दीडपट भार येतो आणि आंतलें उलट दिशेनें उचललें जातें. तराजूच्या दांडीचाच हा न्याय आहे.

बेअरिंगावर ओझें दुप्पट झालें म्हणजे त्याचें आयुष्य निम्में होतें, असें कोणी मानील. पण निसर्ग इतका उदार नाहीं. स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९४७ सालीं बेअरिंगांच्या आयुष्याचें जें गणित मांडलें आणि पुढें रोलरांच्या बेअरिंगांनाही लावलें, त्याप्रमाणें रोलर-बेअरिंगावरील ओझें दुप्पट झालें तर त्याचें आयुष्य सुमारें दहाव्या हिश्श्यावर येतें. म्हणजे वरील उदाहरणांत पहिल्या ७५ मिलिमीटरच्या सरकण्यानेंच बाहेरच्या बेअरिंगाची दहा वर्षांची शिदोरी एका वर्षांत संपेल. बेअरिंग गेलें कीं हब तापतो, वंगण जळतें, आणि चाकासकट हबच आंसावरून उतरूं शकतो. म्हणून बाहेर सरकविणारी तबकडी घालावयाची, तर तिची जाडी भरून काढणारी अधिक खोलगट रिम निवडणें हाच शहाणपणाचा मार्ग होय. मग ओझ्याची रेषा मूळ जागेच्या जवळपास राहते. पुढील चाकांच्या बाबतींत तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. चाक बाहेर सरकलें कीं खड्ड्याचा प्रत्येक धक्का मोठ्या तरफेनें सुकाणूच्या सांध्यांवर आणि चालकाच्या हातांवर येतो.

टायर मोठा झाल्याचा परिणाम आणखी निराळा. एम ३५ च्या जुन्या टायराचा व्यास सुमारें ४० इंच. नव्याचा हिशेबानें ४६ इंचांहून थोडा अधिक भरतो. चाक एका फेऱ्यांत जवळजवळ सातव्या हिश्श्यानें जास्त पुढें जातें. वेगदर्शक कांटा ताशीं साठ दाखवितो तेव्हां गाडी प्रत्यक्षांत अडुसष्ट-एकुणसत्तरच्या वेगानें जात असते. ब्रेक मात्र जुनाच राहतो. त्याच जोराची पकड आतां लांबलेल्या त्रिज्येवर काम करते, त्यामुळें जमिनीपाशीं ब्रेकचें बळ सुमारें आठव्या हिश्श्यानें घटतें. वेग वाढलेला आणि थांबण्याची ताकद घटलेली, असा हा उफराटा व्यवहार होतो. घाटांत त्याची किंमत चालकाला तत्काळ कळते.

मग जोड-तबकडी ही वस्तुच त्याज्य समजावी काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. शेतांतील ट्रॅक्टर नांगरणीच्या वेळीं मऊ जमिनींत रुतूं नये म्हणून त्याच्या मागील चाकाशेजारीं आणखी एक चाक जोडतात. तेथें बनविणाऱ्यानेंच त्या कामासाठीं आंस व जोडणीचे भाग आंखलेले असतात, आणि वेगही बेताचा असतो. कारखान्यांत मोडकी गाडी ढकलून नेण्यापुरतीं परकीं चाकें लावणें यांतही वावगें कांहीं नाहीं. ज्या तबकडीवर ती किती ओझ्यासाठीं आहे हें नोंदलेलें आहे, जी विशिष्ट हबासाठीं व विशिष्ट चाकासाठीं कातलेली आहे, आणि जिची तपासणी अधिकृत रीतीनें झालेली आहे, ती भरंवशाची असूं शकते. जर्मनींत अशा तबकडीला तपासणीसंस्थेचा दाखला असल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर जागा नाहीं. भारतांतही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, बनविणाऱ्यानें ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा फेरफार वाहनांत करण्यास मनाई आहे. कायद्याचा हा रोख हौशीवर नसून रस्त्यावरील तिऱ्हाईताच्या जिवाकडे आहे.

कित्येकदां तबकडीची मुळीं गरजच नसते. जुने २० इंची रिमांचे ट्यूबवाले टायर सोडून बिनट्यूबचे टायर घेऊं इच्छिणाऱ्याला वाटतें कीं, रिम निराळी म्हणजे जोडणीही निराळी. वस्तुतः १०.००-२० च्या जुन्या टायराच्या जागीं ११ आर २२.५ हा बिनट्यूबचा टायर येतो. दोहोंचा बाहेरील व्यास जवळजवळ सारखाच. जुन्या रिमेची टायराची बैठक पांच अंशांनीं कललेली आणि तिला काढतां येणारी कडी व लॉक-रिंग. नव्या रिमेची बैठक पंधरा अंशांची आणि रिम अखंड. परंतु दोन्ही रिमांचा मधला भाग एकाच दहा-स्टडी मापांत मिळूं शकतो. योग्य चाक मागविलें तर मध्यें कांहींच घालावें लागत नाहीं. तेंही जमण्यासारखें नसेल, तर रिम बनविणाऱ्या कारखान्याकडून हव्या त्या वर्तुळाचा मधला पत्रा बसविलेली रिम करून घ्यावी, किंवा मूळ हबच बदलून नव्या चाकाच्या जातीचा घ्यावा. हे दोन्ही मार्ग खर्चाचे खरे. पण त्यांत सांधा एकच राहतो. मात्र चाकाच्या पत्र्याला घरीं जादा भोकें पाडणें, किंवा जुनीं भोकें कानशीनें लांबट करणें, हा उपाय कोणीही करूं नये. त्या पत्र्यांतील प्रत्येक जादा भोंक म्हणजे तडा सुरू होण्याची एक नवी जागा होय.

ज्यांना तबकडी घालणें भागच आहे, त्यांनीं कांहीं साध्या गोष्टींत हयगय करतां कामा नये. हब, तबकडी आणि चाक यांचे एकमेकांस टेकणारे पृष्ठभाग उघड्या धातूपर्यंत स्वच्छ हवेत. रंगाचा जाड थर, गंज, चिखलाचा वाळलेला पापुद्रा, हीं सर्व ओझ्याखालीं चेपलीं जातात. दशांश मिलिमीटर चेपलें तरी स्टडांतील ताणाचा मोठा भाग नाहींसा होतो. नट समोरासमोरच्या क्रमानें, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत, आणि शेवटचा जोर मापाच्या पान्यानेंच द्यावा. हवेच्या यंत्रानें धडाधड आवळलेला नट कधीं अपुरा तर कधीं जरुरीपेक्षां अधिक आवळला जातो, आणि स्टड एकदां मर्यादेबाहेर ताणला कीं त्याची ओढ कायमची जाते. आट्यांना तेल द्यावें कीं देऊं नये, हें बनविणाऱ्यानें सांगितल्याप्रमाणेंच करावें. कारण तेलानें घर्षण घटतें, आणि पान्यावर तोच आंकडा दिसत असतां स्टडांतील ताण भलताच वाढतो.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. नवीन आवळलेला सांधा थोड्या प्रवासानें बसतो, आणि बसला कीं ढिला होतो. ब्रिटनमधील रस्ते-वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस अशी आहे कीं, चाक बसविल्यावर अर्धा तास गाडी उभी ठेवून, किंवा ४० ते ८० किलोमीटर चालवून, नट पुन्हां ठरलेल्या जोरानें तपासावेत. जोड-तबकडीच्या बाबतींत ही तपासणी दोनदां करावयाची. आणि आंतल्या नटांसाठीं चाक उतरून करावयाची. हा त्रास ज्याला नको असेल, त्यानें तबकडीही वापरूं नये. नटांवर लावावयाचे छोटे प्लास्टिकचे बाण पुष्कळ ठिकाणीं दिसतात. शेजारशेजारचे दोन बाण एकमेकांकडे तोंड करून बसविले म्हणजे नट फिरला तर दुरूनही लक्षांत येतो. पण ते बाहेरच्याच नटांचें बोलतात. आंतल्या सांध्याबद्दल ते मुके असतात.

सांधा ढिला झाल्याची चिन्हें मात्र नजर असणाऱ्याला दिसतात. नटाभोंवतीं गंजाच्या तांबूस रेघा उमटतात. भोकांच्या कडा चकचकीत होऊन लांबट होतात. हळू जातांना चाकांतून टक्‌टक् असा आवाज येतो. आणि एकादा स्टड तुटलेला सांपडतो. तुटलेला स्टड एकच असला, तरी त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टड बदलावेत असा चांगल्या कारखान्यांचा दंडक आहे. कारण तुटलेल्याचा भार त्यांनींच सोसलेला असतो.

जपानचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. तेथें मोठ्या मालमोटारी पूर्वी आठ स्टडांच्या व डाव्या-उजव्या आट्यांच्या देशी पद्धतीच्या होत्या. २०१० च्या सुमारास त्या दहा स्टडांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर आल्या. तरीही चाकें निखळण्याचे अपघात थांबले नाहींत. तेथील सरकारी नोंदींत पुन्हां पुन्हां दोनच गोष्टी आढळतात: निखळणारें चाक बहुधा मागील डाव्या बाजूचें असतें, आणि काळ बहुधा हिवाळ्याचा, म्हणजे बर्फासाठीं टायर बदलल्यानंतरच्या महिन्यांचा. पद्धत बदलली, पण सांध्याची निगा राखण्याचें काम माणसाकडेच राहिलें.

त्याच देशांत १० जानेवारी २००२ रोजीं योकोहामा शहरांत एका मोठ्या वाहनाचें सुमारें १४० किलो वजनाचें चाक हबाला तडा जाऊन निखळलें आणि पदपथावरून आपल्या दोन मुलांसह चालणाऱ्या एका तरुण मातेवर आदळलें. ती दगावली, मुलें जखमी झालीं. वाहन बनविणाऱ्यांनीं प्रथम निगा नीट न राखल्याचा दोष काढला. पुढें २००४ सालीं हबाच्या रचनेंतच उणीव असल्याचें त्यांना मान्य करावें लागलें. तेथें जोड-तबकडीचा संबंध नव्हता. परंतु हबापाशीं एक तडा गेला म्हणजे काय होऊं शकतें, याचा धडा त्या घटनेनें घालून दिला आहे. शिकल्यासवरल्या अभियंत्यांनीं आंखलेल्या हबांतही जर अशी उणीव राहूं शकते, तर गल्लींतल्या लेथवर अंदाजानें कातलेल्या चकतीवर पंचवीस टनांचा विश्वास टाकतांना हात थोडा तरी अडखळला पाहिजे.

गांवच्या गाडीवानाच्या आंसाच्या टोकाला एक खीळ होती, आणि निघण्यापूर्वी ती जागेवर आहे ना, हें हातानें चांचपून पाहण्याची त्याची संवय होती. मालमोटारीला खीळ नाहीं. तिच्या जागीं दहा नट आले, आणि जोड-तबकडी आली म्हणजे ते दुप्पट होतात. सांधे जितके वाढतील, तितकी हात लावून पाहण्याची जबाबदारी वाढते. ती घेण्याची ज्याची तयारी आहे, त्यानें माप काढून, हिशेब करून आणि कायद्याची परवानगी घेऊन परकें चाक खुशाल आपलें करावें. ज्याची तयारी नाहीं, त्यानें आपल्या आंसाचें आपलें चाकच राखावें. रस्त्याच्या कडेनें मुलाचा हात धरून जाणाऱ्या वाटसरूला या पांच मापांतील एकही ठाऊक नसतें. पण तो सुखरूप घरीं पोंचतो तो तीं मापें कोणीतरी बरोबर जुळविलीं म्हणूनच.